लॉज पाडायचा खर्च

आमच्या शेजारचं लॉज पाडायला महापालिकेच्या तिजोरीतून एक रुपयाही गेला नाही. हे सांगितलं की लोक म्हणतात, बरं झालं की, फुकटात काम झालं. मी गप्प बसते. प्रत्येकाला समजावत बसायचा आता कंटाळा येतो. एकदाच नीट लिहून टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

मंगळवार पेठेत आमचा डंक होता. मिरची कांडायच्या यंत्राला आम्ही डंक म्हणतो. खाली उखळं, वर लोखंडी मुसळं, ती उचलून आपटणारा शाफ्ट आणि सगळ्याला फिरवणारी एक जुनी मोटर. होळी झाली की ऊन तापतं आणि घरोघरी वर्षाची चटणी करायचे दिवस येतात. कोल्हापुरात चटणी म्हणजे तिखट, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. शाहूवाडीकडच्या बायका सकाळच्या एसटीनं मिरच्यांच्या पिशव्या घेऊन यायच्या आणि आमच्या दारातल्या बाकावर नंबर लावून बसायच्या. कुणाची सून कशी, कुणाच्या म्हशीनं दूध का चोरलं, सगळं त्या बाकावर निघायचं. त्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईवर आमचं वर्ष निघायचं. नवरा मोटर आणि मुसळं बघायचा, मी चाळण आणि गिऱ्हाइकं. जन्मभर मुसळांचा आवाज ऐकून त्याला आता कमी ऐकू येतं, आणि मला मोठ्यानं बोलायची सवय लागली आहे. त्यामुळं आम्ही भाजी कुठली आणायची हे बोलत असलो तरी गल्लीला भांडण वाटतं.

डंकाला लागूनच लॉज. खाली दुकानगाळे, वर दोन मजले खोल्या. एके काळी बाजाराला आणि कोर्टाच्या तारखांना येणारी माणसं तिथं उतरायची. आमची जागासुद्धा मुळात त्या लॉजची कोठी. सासऱ्यांनी ती विकत घेतली तेव्हा मधली भिंत सामाईक राहिली आणि डोक्यावरची तुळईही. अखंड सागवानाची तुळई, भिंतीतून आरपार गेलेली, निम्मी त्यांच्याकडं, निम्मी आमच्याकडं. एवढी भक्कम वस्तू आयती डोक्यावर आहे म्हटल्यावर सासऱ्यांनी डंकाचा शाफ्ट तिलाच बोल्टांनी आवळला. डंक चालू झाला की ती तुळई घुमायची. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या घुमण्यानं झोप यायची नाही. नंतर डंक बंद असला की येईना.

मी आले तेव्हाच लॉजला उतरती कळा लागली होती. मालक आधीच गेलेले, मुलांची वाटणी कोर्टात गेलेली. एक मुलगा पुण्यात, एक बेळगावात, एकाचा ठावठिकाणा नाही. गाळेवाले एकेक करून निघून गेले. कौलं फुटली, सज्ज्याला पिंपळ फुटला. दर पावसाळ्याआधी महापालिकेचा माणूस खळीचा डबा घेऊन यायचा आणि दाराला नोटीस चिकटवायचा. इमारत धोकादायक आहे, राहणाऱ्यांनी ती ताबडतोब खाली करावी. राहणारी म्हणजे कबुतरं. ती काही वाचत नव्हती. पावसात नोटीस गळून पडायची, पुढच्या वर्षी नवी यायची.

अर्ज मीही करत होते, पण आपलं करायचं म्हणून. मग एका जूनमध्ये सज्ज्याचा तुकडा पडला. आमच्या बाकावर पडला. शेवटचं गिऱ्हाईक, कसबा बावड्याची एक बाई, आपली चटणी नीट चाळली जाते का बघायला म्हणून नुकतीच उठून आत आली होती. बाकाचा एक पाय मोडला आणि सिमेंटची धूळ आत उखळापर्यंत आली. ती बाई पिशवी छातीशी धरून नुसती बघत राहिली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. माझ्या दारात, माझ्या बाकावर, माझं गिऱ्हाईक मेलं असतं. आपण इतकी वर्षं ह्या भिंतीखाली माणसं बसवतोय याची मला पहिल्यांदा भीती वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी विभागीय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायला सुरुवात केली.

तिथं नवीन आलेला एक इंजिनीअर होता. पोरगेलासा, शाहूवाडीकडचा, बोलायला सरळ. त्यानं मला खुर्ची दिली, यातच मी निम्मी गार झाले.

"मावशी, तुमचं बरोबर हाय," तो म्हणाला. "पण पाडायला पैसा कुठला घालू?"

मला वाटत होतं, महापालिका म्हणजे जेसीबी आला आणि पाडून गेला. तसं नसतं. पाडायचं काम मालकाचं. मालक पाडत नसेल तर महापालिका पाडते आणि झालेला खर्च त्याच्या घरफाळ्यावर चढवते. लॉजचा घरफाळाच कित्येक वर्षं थकलेला. त्यावर हा खर्च चढवला तर तो कागदावर बसून राहणार. जागा विकली तर वसूल होणार, जागा विकणार दाव्याचा निकाल लागल्यावर, आणि ते घोंगडं माझ्या लग्नाआधीपासून भिजत पडलेलं. तोवर ठेकेदाराचे पैसे महापालिकेनं स्वतःच्या खिशातून घालायचे.

"मग घाला की," मी म्हटलं.

"गटारं, दिवाबत्ती, खड्डे, ह्यातनं उरलं तर घालणार."

"उरतंय?"

"न्हाय उरत," तो म्हणाला आणि हसला. मलाही हसू आलं. काय करणार?

मग त्यानं तिसरी वाट सांगितली. जुन्या इमारतीत माल असतो. सागवानी चौकटी, दारं, जिने, फळ्या, लोखंड. पाडणारा तो माल घेऊन जातो आणि त्यातच त्याची मजुरी सुटते. महापालिकेला काही द्यावं लागत नाही. इमारतच आपला खर्च देते. मला ही पद्धत आवडली. आपल्या दिवसकार्याचे पैसे आधीच पेटीत बांधून ठेवणारी म्हातारी माणसं असतात, तसं हे. लॉज तर मुळात सागवानातच बांधलेलं. मी घरी येऊन नवऱ्याला ओरडून सांगितलं, तेव्हा ते गल्लीनंही ऐकलं, आणि सगळ्यांना बरं वाटलं.

फाईल इकडून तिकडं जायला पुढचा उन्हाळा उजाडला. होळी झाली, डंकाचा हंगाम लागला आणि एका सकाळी इंजिनीअर पाडकामाचा ठेकेदार घेऊन आला. कागलच्या बाजूचा माणूस, अंगानं आडवा, कानाला पेन्सिल. जुन्या दारांना आता मोठ्या हॉटेलांत गिऱ्हाईक आहे म्हणाला, भिंतीला नुसती शोभेला लावतात. बॅटरी घेऊन तो आत गेला. आम्ही सगळे रस्त्यावर उभे, गल्लीतल्या तालीम मंडळाचे अध्यक्ष पुढं, पोरं मागं. बराच वेळ आत खडखड होत राहिली. मग तो डोक्यावरची जळमटं झटकत बाहेर आला आणि थेट माझ्या नवऱ्यापुढं उभा राहिला.

"पावणं, आत लाकूडच न्हाय की."

"काय?" नवऱ्याला ऐकू आलं नव्हतं.

"लाकूड! दारं न्हाईत, चौकटी न्हाईत, वरच्या फळ्या न्हाईत. जिना सुदीक न्हाय. मी काय नेऊ, कबुतरं?"

"चोरांनी नेलं असंल," इंजिनीअर म्हणाला.

तालमीचे अध्यक्ष पिंपळाकडं बघायला लागले. पोरं आपापल्या चपला निरखत होती. लाकूड कुठं गेलं ते मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

आमच्याकडं स्मशानात कुणाला पैसे पडत नाहीत, ते लोकांच्या दानावर चालतं. म्हणून होळी लहान करायची आणि वाचलेल्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, स्मशानाला द्यायच्या, अशी चांगली रीत बऱ्याच गल्ल्यांनी धरली आहे. आमच्या तालमीनं तर सगळ्यांवर कडी केली. घरोघरच्या सगळ्या शेणी गोळा करून ट्रॉली भरून स्मशानाला. पेपरात फोटो आला. पण होळी पेटवायची तर हवी. तीही लहान पेटवली तर पलीकडची तालीम हसणार. मग पोरांनी लॉजचं एक लोंबकळणारं दार काढलं. कुणाच्या डोक्यात पडण्यापेक्षा होळीत गेलेलं बरं, असं आम्ही मोठ्यांनीच म्हटलं. पुढच्या वर्षी खिडक्या, मग चौकटी, मग माडीच्या फळ्या. पेठेत आमच्याएवढी उंच होळी कुणाची नसायची आणि सागवान जळतं पण कसं, ठिणगी न उडवता, सोन्यासारखं. ठेकेदार यायच्या थोडंच आधी झालेल्या होळीत जिना गेला होता. पुरणपोळीचा नैवेद्य त्यात मीच टाकला होता. पाडायचा खर्च ह्याच लाकडातून निघायचा आहे, हे तेव्हा माझ्या काय, कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आमच्या हातून पुण्य होत होतं, गल्लीतला धोका कमी होत होता आणि होळीही साजरी होत होती. ह्यात चुकलं कुठं, हे आजही मला नीट सांगता येत नाही. पण ज्या इमारतीच्या मरणाची सोय तिच्याच पेटीत होती, ती पेटी आम्ही वर्षावर्षानं जाळली, एवढं खरं.

ठेकेदार पाणी प्यायला आमच्या डंकात आला. तांब्या वर करून पाणी पिताना त्याची नजर छपराला लागली आणि तिथंच राहिली. तांब्या ठेवला आणि गेला.

मी अध्यक्षांना गाठलं. म्हटलं, वर्गणी काढूया. गणपतीला काढता, जयंतीला काढता, कुस्तीच्या मैदानाला काढता, एकदा ह्यालाही काढा.

"वैनी, बांधायला वर्गणी मागा, आत्ता देत्यात," ते म्हणाले. "पाडायला कोण देतंय? आन् इमारत दुसऱ्याची. त्या बेळगाववाल्याचं काम आपण फुकट करून द्यायचं व्हय?"

तेही खोटं नव्हतं. एका संध्याकाळी चार घरं फिरून मी वर्गणीचा नाद सोडला.

पावसाळा जवळ येत होता आणि इंजिनीअरच्या मानेवर जू होतं. तुकडा पडल्याचा अर्ज माझाच होता, त्यावर काहीतरी केलं असं दाखवणं त्याला भाग होतं. त्यानं बोलावलेले इमारतींचे एक तज्ज्ञ येऊन गेले. त्यांनी डंक चालू असताना सामाईक भिंतीला तळहात लावला, मग दुसरा हात लावला, मग इंजिनीअरला लावायला सांगितला. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. दोन दिवसांनी खळीचा डबा घेऊन तोच माणूस आला. ह्या वेळी तो लॉजकडं गेला नाही. त्यानं नोटीस आमच्या दाराला चिकटवली. शेजारच्या इमारतीला कंपनं पोचतात, तिचा निकाल लागेपर्यंत डंक बंद ठेवावा.

ऐन हंगाम. आत बायकांच्या पिशव्या नंबर लावून ठेवलेल्या. मी तशीच, हाताला तिखट लागलेलं न धुता, विभागीय कार्यालयात गेले.

"साहेब, धोकादायक ते हाय आणि बंद आमचं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "मावशी, ते पाडाय पैसे लागत्यात. हे बंद करायला लागत न्हाईत."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. गळा तर माझा तयारच असतो. पण तो खोटं बोलला असता तर ओरडले असते. त्यानं सरळ खरं सांगितलं होतं आणि त्याचा चेहराही माझ्यासारखाच दमलेला होता. मी हात धुवायला नळ कुठं आहे ते विचारलं आणि घरी आले. त्या आठवड्यात बायका आपापल्या पिशव्या परत घेऊन गेल्या. चटणी काही थांबत नाही, दुसऱ्या डंकावर झाली.

बंद डंकात आम्ही दोघं बसून राहायचो. मूग गिळून बसणं मला जमत नाही, पण बोलायचं तरी काय? अर्ज मीच केले होते. ते पडू दे म्हणून पायऱ्या मीच झिजवल्या होत्या.

मग ठेकेदार एकटाच आला. ह्या वेळी त्यानं सरळ वर बोट दाखवलं.

"ही तुळई," तो म्हणाला. "ह्या पेठेत असं लाकूड आता ऱ्हायलं न्हाय. ही मला द्या, मी सगळं लॉज पाडून देतो. राडारोडा पण नेतो. कुणाचा एक पैसा नको."

"आणि आमचं छप्पर?"

"लोखंडी पाईप टाकून देतो की. पत्रा काय, त्याच्यावर बी बसंल."

"डंक बसंल?"

तो थोडा वेळ शाफ्टचे बोल्ट बघत राहिला. "डंक न्हाय बसायचा," म्हणाला.

डंक परत उभा करायचा तर नवा पाया, नवा सांगाडा, नवी मोटर. नवऱ्याचं आता ते वय नव्हतं आणि आमची ऐपतही नव्हती. मुलगी लग्न होऊन सांगलीला, तिला तिखटाच्या वासानंही खोकला येतो. तुळई ठेवावी तर डंक बंदच राहणार आणि लॉज आणखी एक पावसाळा शाळेला जाणाऱ्या पोरांच्या डोक्यावर लोंबणार. द्यावी तर लॉज जाणार आणि डंकही. मी रात्रभर ठेकेदाराला, महापालिकेला, बेळगाववाल्याला, पोरांना, सगळ्यांना शिव्या घातल्या. सकाळी नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"दे," म्हणाला.

"देऊन खायचं काय?"

"न देता काय खायलाईस? बंदच हाय की." मग म्हणाला, "ती बावड्याची बाई उठली नसती तर?"

त्यालाही ते रोज आठवत होतं, हे मला माहीत नव्हतं. मी कागदावर सही केली. इंजिनीअर स्वतः घरी येऊन गेला. फाईलवर काय लिहिलं ते त्यानं चांगल्या मनानं वाचून दाखवलं: महापालिकेवर कोणताही आर्थिक बोजा न पडता सदर इमारत उतरवण्यात येत आहे. मी त्याला चहा दिला. त्या पोराचा काय दोष?

लॉज वरून खाली उतरवत आणलं. विटा, माती, कबुतरांची घरटी. तुळई शेवटी काढायची होती. त्या दिवशी सगळी गल्ली जमली. शाफ्ट आधीच सोडवून बाजूला ठेवला होता. दोरखंड बांधले, साखळ्या लावल्या, ठेकेदारानं खेच म्हटल्यावर माणसांनी खेचलं. तुळई भिंतीतून सुटली आणि तिच्या पाठीवर, फटीत, बोल्टांच्या भोकांत सासऱ्यांच्या वेळेपासून बसलेलं तिखट एकदम उठलं. लाल धूर झाला नुसता. ठेकेदार शिंकायला लागला, त्याची माणसं दोर सोडून पळाली, इंजिनीअर रुमाल तोंडाला लावून वाकला. अध्यक्ष, पोरं, दारादारात उभ्या असलेल्या बायका, सगळे खोकत होते, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या धुरात आम्ही दोघंच कोरडे उभे होतो. आम्हाला काही झालं नाही. आमच्या नाकाला त्याची सवय होती. मला फार वाईट वाटत होतं, पण रडू म्हणून येईना.

तुळई ट्रकवर चढली. इतकं लांब लाकूड उघड्यावर मी पहिल्यांदाच बघितलं.

पुढच्या होळीला तालमीनं पाच शेणी पेटवल्या. बाकीच्या स्मशानाला गेल्या. होळी लवकर विझली आणि लोक लवकर घरी गेले. लॉजच्या जागेवर रिकामं मैदान आहे, दावा अजून चालू आहे. आमच्याकडं पाईपवर पत्रा आहे, त्याखाली विटांवर टेकवलेला मोडका बाक आणि उखळं. नवरा कुणाच्या मोटरी दुरुस्त करून देतो. मी हळकुंडं दळून आणून पाकिटं भरते. भागतं.

त्या होळीनंतर दोन आठवड्यांनी शाहूवाडीची एक जुनी गिऱ्हाईक बाई आली. गेल्या वर्षी तिची चटणी झाली नव्हती, घरात मयत होतं, म्हणून तिला काही कळलं नव्हतं. डोक्यावर पिशवी घेऊन ती आमच्या दारावरून दोनदा पुढं गेली आणि परत आली.

"अवो, लॉज दिसंना, म्हटलं गल्लीच चुकली," ती म्हणाली. "लॉजच्या कडंचा डंक म्हणूनच ठाव हाय मला."

मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं, डंक बंद झाल्याचं सांगितलं. तिला पटेना. ती आत डोकावली, छपराकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"बंद म्हणजे? मग आता मी काय करू?"

मी तिला दुसऱ्या डंकाचा रस्ता सांगितला. तिनं विचारलं, तिथं तुमच्यासारखी बारीक करून देतील का. देतील की, मी म्हटलं. तरी ती उठेना. मिरची कशी आहे ते तरी बघा, म्हणाली, दरवर्षी तुम्ही बघून सांगता. आणि तिनं पिशवीचं तोंड सोडून माझ्यापुढं धरलं.

भाजलेल्या मिरचीचा वास वर आला आणि मला ठसका लागला. आधी एक, मग एकामागून एक. मी वाकले, पदर तोंडाला लावला, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते काही केल्या थांबेना.

"अगं बया," ती बाई पिशवी तशीच धरून म्हणाली, "तुमास्नी ठसका?"